महाविद्यालयीन अभ्यास : पुस्तक मिटल्यावर काय आठवते?

बारावीपर्यंत विद्यार्थ्याच्या अभ्यासाची चौकट इतरांनी आखून दिलेली असते. शाळेचे वेळापत्रक, शिकवणीचे तास, घटक चाचण्या, सहामाही, पूर्वपरीक्षा आणि घरातील वडीलधाऱ्यांचा धाक यांच्या आधाराने वर्ष पार पडते. महाविद्यालयात प्रवेश घेताच ही चौकट एकाएकी निखळते. वर्गात शंभर-सव्वाशे विद्यार्थी असतात, प्राध्यापक व्याख्यान देऊन निघून जातात आणि 'आज काय वाचलेस?' असे विचारणारे कोणी उरत नाही. पहिल्या सत्राचा निकाल लागतो, तेव्हा दहावी-बारावीत चांगले गुण मिळविलेल्या अनेकांच्या वाट्याला 'एटीकेटी' येते.

'अभ्यास केला होता. पण पेपर हातात आल्यावर काही आठवेना,' अशी तक्रार या काळात हमखास ऐकू येते. त्यातला पहिला भाग बहुतेक वेळा खरा असतो. अशा विद्यार्थ्याने रात्री जागविलेल्या असतात, पुस्तक तीन-तीनदा वाचलेले असते, निम्म्या ओळी पिवळ्या शाईने रंगविलेल्या असतात. एवढे करूनही अपयश आले, की तो साहजिकच 'आपल्याला डोकेच नाही' असा निष्कर्ष काढतो. घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलामुलींच्या बाबतीत हा निष्कर्ष शिक्षण सुटण्यापर्यंत जाऊन पोहोचू शकतो. स्मरणशक्तीचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या संशोधकांनी दाखवून दिलेली गोष्ट मात्र वेगळी आहे. दोष पुष्कळदा बुद्धीचा नसतो, अभ्यासाच्या पद्धतीचा असतो. आणि पद्धत बदलता येते. त्यासाठी महागडा क्लास लावण्याची गरज नसते.

वाचनाने होणारा आभास

एखादे प्रकरण दुसऱ्यांदा वाचताना ते पहिल्यापेक्षा सोपे वाटते. तिसऱ्यांदा वाचताना पुढचे वाक्य काय असेल, हेही ध्यानात येते. ही ओळख झाली. परीक्षेत मात्र ओळख पुरेशी नसते. तिथे समोर कोरा कागद असतो आणि सर्व काही मनातून काढून लिहायचे असते. ओळखीच्या माणसाला रस्त्यात पाहून आपण हसतो, पण त्याचे नाव ओठांवर येत नाही, तसाच हा प्रकार होय. वाचून वाढते ती ओळख. परीक्षेत कस लागतो तो आठवण्याचा.

तरीही बहुसंख्य विद्यार्थ्यांचा भर वाचनावरच असतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठातील १७७ विद्यार्थ्यांना त्यांच्या अभ्यासाच्या सवयी विचारण्यात आल्या होत्या. २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत सुमारे ८४ टक्के विद्यार्थ्यांनी टिपणे किंवा पुस्तक पुन्हा वाचतो, असे सांगितले. वाचलेले न पाहता आठवून पाहणारे जेमतेम ११ टक्के होते. आपल्याकडेही परीक्षेच्या हंगामात कोणत्याही अभ्यासिकेत डोकावल्यास चित्र फारसे निराळे दिसणार नाही.

जॉन डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३मध्ये अभ्यासाच्या १० प्रचलित तंत्रांवरील संशोधनाचा सविस्तर आढावा घेतला. पुन्हा पुन्हा वाचणे, ओळी रंगविणे आणि सारांश लिहिणे या विद्यार्थिप्रिय तंत्रांना त्यांनी 'कमी उपयुक्त' या गटात टाकले. सर्वाधिक उपयुक्त ठरली ती दोनच तंत्रे. पहिले, स्वतःची चाचणी घेणे. दुसरे, अभ्यास अंतराअंतराने विभागून करणे. पुढील बहुतेक सूचना या दोन तंत्रांभोवतीच फिरतात.

आठवणे हाच अभ्यास

चाचणी म्हणजे झालेल्या अभ्यासाचे मोजमाप, अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात आठवण्याच्या प्रयत्नानेच स्मरण पक्के होते. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी यांनी २००६मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत बोलका आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा देण्यात आला. एका गटाने पाच-पाच मिनिटांच्या चार फेऱ्यांत तो केवळ वाचला. दुसऱ्या गटाने एकाच फेरीत वाचला आणि उरलेल्या तीन फेऱ्यांत उतारा समोर न ठेवता आठवेल तेवढे लिहून काढले. पहिल्या गटाचे वाचन सरासरी १४ वेळा झाले होते, तर दुसऱ्या गटाचे साडेतीन वेळाही नाही.

पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा वाचणाऱ्या गटाने बाजी मारली. त्यांना ८३ टक्के मजकूर आठवला. लिहून पाहणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानंतर घेतलेल्या चाचणीत पारडे उलटे फिरले. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवले आणि लिहून पाहणाऱ्यांना ६१ टक्के. विशेष म्हणजे, आपल्याला पुढे उत्तम आठवेल असा विश्वास वाचणाऱ्या गटालाच अधिक होता. परीक्षेच्या आदल्या रात्री वाटणारा आत्मविश्वास पेपरच्या वेळी का गळून पडतो, याचे उत्तर इथे सापडते. हे आकडे एका प्रयोगातील असल्याने प्रत्येक विषयाला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. परंतु निष्कर्षाची दिशा पुढे अनेक प्रयोगांतून पुन्हा पुन्हा दिसून आली आहे.

मराठी घरांना ही गोष्ट मुळीच नवी नाही. दिवेलागणीला 'शुभं करोति' झाल्यावर मुलांकडून परवचा म्हणवून घेण्याची रीत घरोघरी होती. पाढे, पावकी, निमकी, तिथी, नक्षत्रे असे सारे रोज मोठ्याने म्हटले जाई. म्हणताना हातात पुस्तक नसे, चुकल्यास वडीलधारे माणूस तिथल्या तिथे सुधारत असे आणि खंड पडत नसे. आठवणे, दुरुस्ती आणि नियमितपणा ही तिन्ही सूत्रे परवच्यात होती. त्यात उणीव होती ती अर्थाची. 'असे का?' हा प्रश्न तिथे विचारला जात नसे. पाठांतराला 'घोकंपट्टी' हे नाव पडले ते त्यामुळे. महाविद्यालयीन अभ्यासात परवच्याची शिस्त ठेवून त्याला 'का?' या प्रश्नाची जोड द्यावी लागते.

सराव कसा करावा?

प्रथम प्रकरणाचा एक भाग नीट समजून वाचावा. न समजलेला मजकूर आठवण्याचा खटाटोप व्यर्थ असतो. वाचून झाल्यावर पुस्तक मिटून पाठकोऱ्या कागदावर मुख्य मुद्दे लिहून काढावेत. आकृती असल्यास ती काढावी, सूत्र असल्यास मांडावे. काही आठवेनासे झाले तरी लगेच पुस्तक उघडू नये. मिनिटभर ताण द्यावा. त्यानंतर पुस्तक उघडून वेगळ्या रंगाच्या पेनाने चुका दुरुस्त कराव्यात आणि सुटलेले मुद्दे लिहावेत. ही शेवटची पायरी गाळू नये. तपासून न पाहिलेली चूक सरावाने अधिकच पक्की होण्याचा धोका असतो.

हा सराव प्रारंभी क्लेशदायक वाटतो. वाचताना जे सोपे वाटले होते, त्यातील निम्मेही कागदावर उतरत नाही आणि मन खट्टू होते. येथेच बहुतेक जण पुन्हा वाचनाकडे वळतात. वास्तविक, आठवताना पडणारा ताण हे शिकणे सुरू असल्याचे लक्षण आहे. रंगविलेला कागद हे परीक्षेच्या दीड महिना आधी मिळालेले प्रगतिपुस्तक समजावे. उणिवा तेव्हाच कळल्या, तर त्या भरून काढण्यास वेळ असतो.

मुद्द्यांपाठोपाठ कारणे विचारावीत. भूगोलाचा विद्यार्थी 'महाबळेश्वरला प्रचंड पाऊस पडतो आणि पूर्वेकडे जवळच असलेल्या वाईला त्या मानाने फार कमी' हे वाक्य पाठ करू शकतो. परंतु 'का?' असे विचारले, की अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे, सह्याद्रीचा अडसर, वर चढताना थंड होणारी हवा आणि घाटमाथा ओलांडून खाली उतरताना कोरडी होत जाणारी हवा अशी साखळी तयार होते. पुढे परीक्षेत पर्जन्यछायेच्या प्रदेशाविषयी कोणत्याही शब्दांत प्रश्न आला, तरी उत्तर लिहिता येते. घोकलेले वाक्य मात्र प्रश्नाचे शब्द बदलताच निरुपयोगी ठरते.

विसरण्याचा वेग आणि उजळणीचे अंतर

जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५मध्ये विस्मरणासंबंधीचे आपले प्रयोग ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरसमूह स्वतः पाठ करून काही काळाने तेच पुन्हा पाठ करण्यास किती श्रम वाचतात, हे त्यांनी मोजले. तासाभरातच ही बचत निम्म्याहून खाली आली, एका दिवसानंतर ती सुमारे एकतृतीयांश राहिली आणि महिन्याने सुमारे एकपंचमांश. म्हणजेच विसरणे प्रारंभी अतिशय वेगाने होते आणि पुढे मंदावते. अर्थपूर्ण मजकूर इतक्या झपाट्याने विसरला जात नाही. तथापि उताराची रीत तीच राहते. सोमवारचे व्याख्यान थेट परीक्षेच्या आधी उघडणारा विद्यार्थी ते जवळजवळ नव्याने शिकत असतो, तो यामुळेच.

उपाय म्हणजे थोड्या थोड्या अंतराने उजळणी. एका दिवशी सलग चार तास देण्यापेक्षा तेच चार तास चार वेगवेगळ्या दिवसांत विभागले, तर स्मरण अधिक टिकते. अंतर किती असावे, याचाही शोध घेण्यात आला आहे. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये प्रसिद्ध केलेल्या, तेराशेहून अधिक व्यक्तींवरील प्रयोगात असे दिसले की, चाचणी सुमारे आठवड्याने असेल तर एका दिवसाचे, ३५ दिवसांनी असेल तर सुमारे ११ दिवसांचे आणि ७० दिवसांनी असेल तर सुमारे तीन आठवड्यांचे अंतर लाभदायक ठरते. परीक्षा जितकी दूर, तितके उजळणीतील अंतर मोठे ठेवावे, असा याचा सोपा अर्थ.

सत्राच्या दृष्टीने पुढील वेळापत्रक व्यवहार्य ठरेल. व्याख्यान झाले त्याच दिवशी संध्याकाळी १० मिनिटे वही न पाहता मुद्दे लिहावेत. तीन-चार दिवसांनी तोच भाग पुन्हा आठवून पाहावा. त्यानंतर दहा-बारा दिवसांनी त्यावरील एखादा प्रश्न सोडवावा. पुढे तीन आठवड्यांनी आणि अखेर परीक्षेपूर्वी उजळणी करावी. प्रत्येक वेळी लागणारा वेळ कमी होत जातो.

व्याख्या, सूत्रे, सनावळी, रासायनिक अभिक्रिया, कायद्यातील कलमे यांसाठी चिठ्ठ्यांची पद्धत सोयीची आहे. चिठ्ठीच्या एका बाजूस प्रश्न व दुसऱ्या बाजूस उत्तर लिहावे. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२मध्ये मांडलेल्या पद्धतीनुसार चिठ्ठ्या वेगवेगळ्या खणांत ठेवतात. उत्तर बरोबर आले, तर चिठ्ठी पुढच्या खणात जाते आणि तिची पाळी उशिरा येते. चुकले, तर ती पहिल्या खणात परतते आणि दुसऱ्याच दिवशी पुन्हा समोर येते. संगणकावर हेच काम 'अंकी' नावाची प्रणाली करते. तथापि जुन्या वहीचे कागद आणि चपलांचा रिकामा खोका यांवरही ते उत्तम भागते.

प्रश्नप्रकार मिसळून सोडवावेत

गणित, संख्याशास्त्र, लेखाकर्म, भौतिकशास्त्र या विषयांत एका पद्धतीची २० उदाहरणे सलग सोडविण्याची प्रथा आहे. प्रकरणाचे नावच वर छापलेले असल्याने कोणती पद्धत वापरायची, हा विचार करावाच लागत नाही. परीक्षेत मात्र नेमका तोच निर्णय घ्यावा लागतो.

डग रोहरर व केली टेलर यांनी २००७मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना घनाकृतींचे घनफळ काढण्याची उदाहरणे देण्यात आली. एकेक प्रकार सलग सोडविणाऱ्यांना सरावाच्या वेळी ८९ टक्के यश मिळाले. मिसळून सोडविणाऱ्यांना ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत मात्र पहिला गट २० टक्क्यांवर घसरला आणि दुसऱ्याने ६३ टक्के मिळविले.

वाणिज्य शाखेतील घसाऱ्याचे उदाहरण घेऊ. एक लाख रुपयांचे यंत्र व १० टक्के दर असेल, तर सरळ रेषा पद्धतीने दर वर्षी १० हजार रुपये घसारा येतो. घटत्या शिलकेच्या पद्धतीने तो पहिल्या वर्षी १० हजार, दुसऱ्या वर्षी ९ हजार आणि तिसऱ्या वर्षी ८ हजार १०० रुपये होतो. दोन्ही पद्धतींची उदाहरणे वेगवेगळ्या दिवशी सलग सोडविली, की दोन्ही सोपी वाटतात. तीच मिसळून सोडविताना प्रश्नातील कोणते शब्द कोणती पद्धत सुचवितात, हे पाहण्याची सवय लागते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटची दोन-दोन उदाहरणे वेगळ्या कागदावर उतरवून, त्यांचा क्रम बदलून सोडविल्यास घरच्या घरी असा संच तयार होतो. पद्धत अगदीच नवी असेल, तेव्हा आधी तीन-चार उदाहरणे सलग सोडवून मगच मिसळण्यास सुरुवात करावी.

टिपणे : उतरवून घेणे व मांडणे

प्राध्यापकांचा प्रत्येक शब्द उतरवून घेणाऱ्याचे लक्ष हातावर असते, आशयावर नसते. वहीच्या पानाची मांडणी बदलल्यास टिपणेच सरावाचे साधन होऊ शकतात. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील वॉल्टर पॉक यांनी लोकप्रिय केलेली पद्धत यासाठी उपयुक्त आहे. पानाच्या डावीकडे सुमारे एकतृतीयांश समास सोडावा, उजवीकडे व्याख्यानाचे मुद्दे लिहावेत आणि तळाशी चार-पाच ओळींची जागा ठेवावी. घरी आल्यावर डाव्या समासात प्रत्येक मुद्द्यावरील प्रश्न लिहावा आणि तळाशी स्वतःच्या शब्दांत गोषवारा मांडावा. उजळणीच्या वेळी उजवी बाजू कागदाने झाकून, समासातील प्रश्नांची उत्तरे द्यावीत.

टिपणे हाताने घ्यावीत की लॅपटॉपवर, यावर बरीच चर्चा झाली आहे. २०१४मधील एका गाजलेल्या अभ्यासात हाताने लिहिणारे सरस ठरले. नंतरच्या प्रयोगांत हा फरक तितका ठळक दिसला नाही. साधन कोणतेही असले, तरी ऐकलेले आपल्या शब्दांत मांडणे महत्त्वाचे. मित्राच्या वहीची झेरॉक्स परीक्षेच्या तोंडावर जमविणाऱ्यांना हा लाभ मिळत नाही. झेरॉक्समध्ये अक्षरे येतात, ती मांडताना केलेला विचार येत नाही.

गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच यांचा सरसकट तिरस्कार करण्याचे कारण नाही. त्यातील प्रश्न स्वतःची चाचणी घेण्यासाठी उत्तम असतात. उत्तरे मात्र आपले उत्तर लिहून झाल्यावर पाहावीत. 'स्वयम्' किंवा 'एनपीटीईएल' यांवरील व्याख्यानांनाही हाच नियम लागू पडतो. उत्तम व्याख्यान पाहताना सारे समजल्यासारखे वाटते. ते थांबवून मुद्दे लिहून पाहिल्यावरच खरी स्थिती कळते.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी

मराठी माध्यमातून शिकून विज्ञान, अभियांत्रिकी किंवा वाणिज्य शाखेत इंग्रजीतून शिकू लागलेल्या विद्यार्थ्यावर दुहेरी भार असतो. विषय समजण्यापूर्वी वाक्य समजून घ्यावे लागते. अशा वेळी इंग्रजी परिच्छेद पाठ करण्याचा मोह होतो आणि तोच घातक ठरतो. एक शब्द निसटला, की पुढचे सारे उत्तर कोसळते.

या विद्यार्थ्यांनी संकल्पना आधी मराठीतून स्वतःला मोठ्याने समजावून सांगावी. ती मराठीत नीट सांगता आली, म्हणजे विषय समजला. आता प्रश्न केवळ भाषेचा उरला. त्यानंतर तेच उत्तर छोट्या, साध्या इंग्रजी वाक्यांत लिहावे. वहीच्या शेवटच्या पानांवर पारिभाषिक शब्दांची यादी ठेवावी. एका रकान्यात इंग्रजी संज्ञा, दुसऱ्यात मराठी प्रतिशब्द आणि तिसऱ्यात एका ओळीचा अर्थ. भाषा संचालनालयाने अनेक विषयांचे परिभाषा कोश तयार केले आहेत आणि मराठी विश्वकोश संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतो. नव्या विषयाची नोंद आधी विश्वकोशात वाचून मग इंग्रजी पुस्तक उघडल्यास वाट पुष्कळ सोपी होते. मराठीतून विचार करणे हा कमीपणा नाही. समजण्याची भाषा आणि उत्तराची भाषा वेगळी असू शकते. पहिलीचा आधार घेऊनच दुसरी येते.

वेळेचा हिशेब

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०नुसार महाराष्ट्रातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५पासून नवी पदवी-रचना लागू झाली असून, तिचा पाया श्रेयांक हा आहे. तासिकेच्या विषयात १५ आठवड्यांच्या सत्रात एका श्रेयांकासाठी १५ तास अध्यापन धरले जाते. २०२३च्या 'नॅशनल क्रेडिट फ्रेमवर्क' या राष्ट्रीय आराखड्यात मात्र एका श्रेयांकामागे ३० तासांचे शिक्षण गृहीत धरले आहे. चार श्रेयांकांच्या विषयाचे ६० तास वर्गात भरले, तर उरलेले ६० तास स्वाध्याय, वाचन, सराव व परीक्षा यांचे असतात. म्हणजे अशा एका विषयासाठी वर्गाबाहेर आठवड्याला चार तास. सत्रात २० श्रेयांक असल्यास सारे मिळून आठवड्याला ४० तास होतात. कचेरीतील नोकरीइतकाच हा वेळ आहे. 'परीक्षेच्या आधी महिनाभर बसू' हा विचार तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखा का आहे, ते या हिशेबावरून ध्यानात येईल.

प्रत्येकाकडे मोकळी दुपार आणि स्वतंत्र खोली नसते, हेही खरे. कोणी कर्जत-कसाऱ्याहून लोकलने येतो, कोणी एसटीने तालुक्याच्या गावी जातो, कोणी 'कमवा व शिका' योजनेत किंवा दुकानात काम करून शिक्षण घेतो. अशांना लांबलचक वेळापत्रक पाळता येत नाही आणि ते मोडले की अपराधी वाटू लागते. त्यांच्यासाठी आठवण्याचा सराव अधिकच मोलाचा आहे, कारण त्याला टेबल-खुर्ची लागत नाही. गर्दीत उभे राहून पुस्तक वाचता येत नसले, तरी कालच्या व्याख्यानातील पाच मुद्दे मनात मांडता येतात. अडलेला मुद्दा घरी पोहोचल्यावर पाहता येतो.

बसून अभ्यास करताना २५ मिनिटे एकाग्र काम व पाच मिनिटे विश्रांती ही इटलीचे फ्रान्चेस्को सिरिलो यांनी १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ केलेली पद्धत अनेकांना मानवते. २५ हा आकडा पवित्र नाही; ४० मिनिटे जमत असतील तर तशी बैठक घालावी. बैठकीस आरंभ करण्यापूर्वी 'अर्थशास्त्र' असे मोघम न लिहिता 'मागणीच्या लवचिकतेचे प्रकार न पाहता लिहिणे' असे नेमके काम कागदावर लिहावे. भ्रमणध्वनी दुसऱ्या खोलीत ठेवावा किंवा बंद करून पिशवीत टाकावा. संदेश पाहण्यास दहा सेकंद लागतात. तुटलेला विचार पुन्हा जुळविण्यास त्याहून पुष्कळ अधिक वेळ जातो.

झोप आणि गटाने अभ्यास

रात्र-रात्र जागणे हे मेहनतीचे लक्षण मानले जाते. स्मरणाच्या दृष्टीने ते तोट्याचे आहे. कॉर्नेल विद्यापीठातील जेन्किन्स व डॅलेनबाख यांनी १९२४मध्येच असे नोंदविले होते की, पाठ केल्यावर झोपलेल्या व्यक्तींना, तेवढाच काळ जागे राहिल्यानंतरच्या तुलनेत, कितीतरी अधिक आठवते. शिकलेले स्थिर होण्यात झोपेचा वाटा असतो, हे पुढील संशोधनानेही दाखविले आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री झोप मोडून वाचलेल्या दोन प्रकरणांसाठी आधीच्या आठ प्रकरणांवर पाणी सोडण्याचा प्रसंग येऊ शकतो.

गटाने अभ्यास करताना तीन-चार जणांहून अधिक नसावेत. प्रत्येकाने एकेक भाग तयार करून इतरांना न पाहता शिकवावा आणि इतरांनी प्रश्न विचारावेत. शिकविताना आपले कोठे अडते, ते लगेच उघडे पडते. एकत्र बसून आपापले पुस्तक वाचणे किंवा एकानेच मोठ्याने वाचून दाखविणे याला गटाचा अभ्यास म्हणता येणार नाही.

'मी पाहून शिकतो', 'मी ऐकून शिकतो' असे शिक्के स्वतःवर मारून घेऊ नयेत. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८मध्ये या विषयावरील संशोधन तपासले, तेव्हा अशा शैलीनुसार शिकविल्यास अधिक फायदा होतो, याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. कोणती पद्धत योग्य, हे विषयावर अवलंबून असते. नकाशा पाहूनच समजेल आणि उच्चार ऐकूनच.

परीक्षेपूर्वीचे तीन आठवडे

या काळात नवे वाचन शक्यतो थांबवावे. विद्यापीठाच्या मागील काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवून त्या घड्याळ लावून सोडवाव्यात. अभ्यासक्रम बदललेला असल्यास गाळलेले घटक आधी खोडून टाकावेत. प्रश्नपत्रिका ६० गुणांची व वेळ दोन तासांचा असेल, तर एका गुणामागे दोन मिनिटे मिळतात. दहा गुणांच्या उत्तरावर अर्धा तास खर्चणारा विद्यार्थी शेवटचा प्रश्न सोडून येतो, तो उत्तर येत नाही म्हणून नव्हे. असा पेपर सोडविताना हाताला सलग लिहिण्याची सवय होते आणि परीक्षागृहाचे भयही ओसरते. तपासताना प्रत्येक चुकीपुढे 'समजले नव्हते', 'आठवले नाही' किंवा 'वेळ पुरला नाही' यांपैकी एक शेरा लिहावा. पहिल्या चुकीसाठी प्राध्यापकांना भेटावे, दुसरीसाठी चिठ्ठ्या काढाव्यात, तिसरीसाठी आणखी एक पेपर सोडवावा.

सुरुवात कोठून करावी?

सर्व सवयी एकाच सोमवारी लावण्याचा संकल्प बहुधा पुढच्या सोमवारपर्यंत टिकत नाही. पहिले दोन आठवडे एकच गोष्ट करावी. रोज संध्याकाळी, त्या दिवशी झालेल्या प्रत्येक व्याख्यानासाठी १० मिनिटे पुस्तक न उघडता लिहावे आणि मग तपासावे. ती सवय अंगवळणी पडल्यावर उजळणीचे वेळापत्रक आणि त्यानंतर मिश्र प्रश्नसंच असा क्रम ठेवावा. आधीच एखादा विषय राहिलेला असेल, तर त्याच विषयापासून आरंभ करणे उत्तम. तिथे फरक चटकन जाणवतो.

पालकांनीही 'किती तास बसलास?' याऐवजी 'आज काय शिकलास ते सांग' असे विचारावे. विषय त्यांना समजलाच पाहिजे असे नाही. ज्या घरात कोणी महाविद्यालयाचे तोंड पाहिलेले नाही, तेथेही आई-वडिलांना समजेल अशा भाषेत पाच मिनिटे सांगणे, हा मुलासाठी उत्तम सराव असतो. सांगताना तो अडखळला, तर त्याला रागे भरू नये. नेमका तोच भाग त्या रात्री पुन्हा पाहायचा आहे, एवढे त्याला कळले म्हणजे त्या दिवसाचा अभ्यास झाला.